पिराजीचे दोन डोस

कुरुंदवाड,
६ ऑगस्ट १९८१

प्रिय गौस,
सलाम.

ईद होऊन तीन दिवस झाले. शिरखुर्मा केला, वाटला, पण तो कुणाला कसा लागला ते विचारू नकोस. वाटायला गेले तर चार घरांनी दारातूनच भांडं परत केलं. अकरा वर्षं मी या पट्ट्यात नर्सची पिशवी घेऊन फिरते, दोनशेच्या वर बाळंतपणं या हातांनी केली, आणि आता त्याच हाताचा शिरखुर्मा लोकांना चालेना.

झालं असं. केरबा म्हणून एक शेतकरी आहे, नदीकाठचा. त्याला चार नातींनंतर गेल्या वर्षी नातू झाला. पीराला नवस बोलून झाला म्हणून नाव ठेवलं पिराजी. बाळंतपण मीच केलं. पोलिओचे डोसही मीच पाजले, पण तीनपैकी दोनच. पहिला ऑक्टोबरात, दुसरा नोव्हेंबरात. तिसऱ्याच्या वेळी वरून औषधच आलं नाही, आज येतंय उद्या येतंय करत उन्हाळा गेला. जुलैच्या दहा तारखेला पोराला ताप आला. चौथ्या दिवशी आईच्या लक्षात आलं की उजवा पाय तो हलवतच नाही. मी जाऊन पाहिलं. पाय हातात घेतला तर ओल्या फडक्यासारखा लोंबत होता. मला काही विचारायची गरज उरली नाही.

केरबा चावडीसमोर उभा राहून ओरडला, "बाई, तुमी आवशीद न्हाय, पाणी पाजलासा माझ्या नातवाला! सरकारचं आवशीद कुठं घातलासा सांगा की!" तालुक्याच्या डॉक्टरांनी चौकशी लावली आहे. नोकरीवर येईल असं ऑफिसातला क्लार्क म्हणतो.

तू पुण्याला विषाणूंच्या प्रयोगशाळेत आहेस, रोज मोठमोठ्या डॉक्टरांत वावरतोस. मला एवढंच सांग, नीट पाजलेले डोस लागू पडले नाहीत असं होतं का? मला एक आठवतं. पहिल्या डोसाला पोराची आई बनाबाई आली तेव्हा तिनं लंगोट बदलून पिशवीत कोंबला होता. मी विचारलं, "पोराला जुलाब हायत काय?" ती म्हणाली, "न्हाय वो." पण वास लपतो होय? तीन मैल चालत आलेली, त्या दिवसाचा रोजगार बुडालेला. परत पाठवतील या भीतीनं नाही म्हणाली असेल. मी पाजून टाकलं. दुसऱ्या वेळी सगळं व्यवस्थित होतं.

पोस्टकार्डावर उत्तर लिहू नकोस. आमचा पोस्टमन मौला आधी वाचतो आणि मग पत्ता बघतो.

तुझी
ताजआपा


पुणे,
१३ ऑगस्ट १९८१

ताजआपा,
सलाम. खालाला माझी याद सांग.

तुझं पत्र वाचलं आणि जेवण गेलं नाही. पण घाबरू नकोस. तुझ्या प्रश्नाचं उत्तर होय असं आहे. नीट पाजलेला डोस फुकट जातो, आपल्यासारख्या गरम आणि गर्दीच्या मुलखात तर फार वेळा जातो. का जातो ते सावकाश सांगतो, कारण हे तुझ्या डॉक्टरांना दाखवायला लागेल.

पोलिओच्या थेंबांत पोलिओचाच विषाणू असतो, पण दुबळा केलेला, जिवंत. तो पोटात गेला की पावण्यासारखा चार दिवस आतड्यात राहिला पाहिजे, वाढला पाहिजे. तेवढ्यात शरीर त्याचा चेहरा ओळखून ठेवतं, आणि उद्या त्याचाच खरा दांडगा भाऊ आला की त्याला उंबऱ्यावरच धरतं. आता समज, पोराला आधीच दुसऱ्या कुठल्या विषाणूनं जुलाब लागलेत. म्हणजे गल्लीत आधीच चोर शिरलेला आहे. ज्या पेशीवर हल्ला होतो ती मरता मरता एक पदार्थ तयार करून बाहेर सोडते. तो शेजारच्या पेशींना जाऊन लागतो आणि त्यांना कळतं की काहीतरी आलंय. त्या लगेच आतली व्यवस्था बदलतात. कुठलाही विषाणू आत आला तरी त्याला वाढू द्यायचं नाही, असा बंदोबस्त करतात. या पदार्थाला इंटरफेरॉन म्हणतात. गंमत अशी की हा निरोप चोराचं नाव सांगत नाही, नुसती दारं लावा एवढंच सांगतो. त्यामुळे त्याच वेळी आलेला आपला पावणाही बाहेरच राहतो. राहायला जागा नाही, वाढायला जागा नाही, दोन दिवसांत निघून जातो. शरीरानं त्याचा चेहराच पाहिलेला नसतो. कागदावर मात्र डोस दिल्याची नोंद होते.

आणखी एक सांगतो. ताप आला की अंग मोडून येतं, कुणाशी बोलू नये, नुसतं पडून राहावं असं वाटतं ना? तो थकवा बराचसा या इंटरफेरॉनचाच असतो असं आता म्हणतात. तिकडं परदेशात हे औषध म्हणून टोचून पाहताहेत, तर चांगली धडधाकट माणसं तापानं कण्हत पडली. म्हणजे आपल्याला जो आजार वाटतो त्यातला निम्मा आपल्याच बंदोबस्ताचा. मला तर आपा, सगळ्या थकलेल्या माणसांकडं बघून हल्ली हेच आठवतं.

तेव्हा पिराजीच्या बाबतीत हेच झालं. पहिला डोस जुलाबात वाया गेला, तिसरा मिळालाच नाही, एकट्या दुसऱ्यानं भागलं नाही. यात तुझा काही दोष नाही.

कोऱ्या कागदावर लिहिलं तर तुझे डॉक्टर ढुंकून बघणार नाहीत, म्हणून आमच्या प्रयोगशाळेच्या छापील कागदावर लिहिलं आहे. खुशाल दाखव.

गौस


कुरुंदवाड,
३० ऑगस्ट १९८१

प्रिय गौस,

तुझ्या पत्रानं काम केलं. मी दिलं तेव्हा डॉक्टर चहा पीत होते. वरचा छापील मथळा वाचला आणि कप खाली ठेवला. मग दोनदा वाचलं. "तुमचे भाऊ कुठल्या हुद्द्यावर आहेत?" म्हणून विचारलं. मी म्हटलं, साहेबांच्या हाताखाली असिस्टंट आहे. "विद्वान माणूस दिसतो," म्हणाले. तुझं पत्र फायलीत लावून घेतलं आणि चौकशी मिटली. पंधरवड्यानंतर पहिल्यांदा मी रात्रभर झोपले. अम्मीनं आपल्या भाच्यासाठी दुआ मागितली.

अहवालात त्यांनी काय लिहिलं ते क्लार्कनं मला वाचून दाखवलं. "मुलास जुलाब होत असल्याचे मातेने लपवून ठेवले. सबब डोस निष्फळ ठरला." एवढंच. तुझ्या दोन पानांतलं एवढंच राहिलं. इंटरफेरॉन नाही, गल्ली नाही.

ही गोष्ट ऑफिसातून बाहेर कशी पडली देव जाणे, पण पडली. काल केरबाच्या घरापुढून येत होते तर आतून आवाज येत होता. "तीन मैल चालत गेली, तोंड उघडून एक शबुद बोलाया काय झालं व्हतं!" बनाबाईचा आवाज काही ऐकू आला नाही. मी थांबले नाही. पावसाचं निमित्त होतं, छत्री धरून पुढं आले.

बाकी ठीक. पंचगंगेचं पाणी उतरतंय, चिखल राहिलाय.

ताजआपा


कुरुंदवाड,
२१ सप्टेंबर १९८१

गौस,

हे पत्र वाचून फाडून टाक.

बनाबाईला त्यांनी मुरगूडला माहेरी घालवली. पोरासकट. चार लेकी इथं ठेवून घेतल्या. केरबाचा मुलगा बापासमोर तोंड उघडत नाही, बैलगाडीत बसवून एस.टी.पर्यंत सोडून आला, झालं. गाडी यायच्या आत स्टँडवर मी तिला गाठलं. पोर कडेवर, तो पाय तसाच लोंबणारा. मला वाटलं शिव्या देईल. ती म्हणाली, "बाई, तुमी इचारलं व्हतं मला. तुमी तुमचं काम केलं." असं म्हणाली, गौस. मला त्या चिखलात बसावंसं वाटलं.

आता खरं लिहिते. दुसऱ्या डोसाला सगळं व्यवस्थित होतं असं मी तुला लिहिलं, ते खोटं आहे.

तो दिवस मोहरमच्या खत्तल रात्रीचा होता. आमच्याकडं ताबूत म्हणजे सगळ्या गावाचा, तुला माहीत आहे. केरबा नवस बोलला होता की नातू झाला तर ताबुताला येणाऱ्या सगळ्यांना थंड सरबत पाजीन. नातू झाला, नवस फेडायचा दिवस आला, आणि बर्फाच्या कारखान्याची वीज गेली. सगळ्या भागात बर्फाचा खडा नाही. फक्त माझ्या थर्मासमध्ये होता, तालुक्याहून डोसांबरोबर आलेला. अकरा वाजता केरबा कळशी घेऊन दारात आला. "बाई, नवसाचं सरबत ऊन पाजू काय लोकास्नी? तुमच्याच हातचं पोरगं हाय की त्ये." मी काय करायचं होतं? मी नाही म्हणायला हवं होतं, तेच करायचं होतं. पण मी बर्फ काढून त्याच्या कळशीत घातला. डोसाच्या बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून माठात सोडल्या. मधून मधून हात लावून बघत होते. गार लागत होत्या. हाताला गार लागतंय म्हणजे बरोबर आहे असं मी धरून चालले. चार वाजेपर्यंत चाळीस पोरांना त्याच बाटल्यांतलं पाजलं. पिराजी त्यातलाच. पाजून झाल्यावर केरबानं मला सरबताचा पेला आणून दिला आणि मी तो प्यायले.

तेव्हा आता सांग. जुलाबांनी त्याचा डोस घालवला की माझ्या माठानं? आणि खरं बोलले तर नोकरी जाईल, हे एक. दुसरं म्हणजे केरबाला सांगू कसं? नातवाच्या नवसाचा बर्फ नातवाच्या डोसावरचाच होता, हे त्या म्हाताऱ्याला सांगायचं कुणी? आणि नाही सांगितलं तर ती पोर मुरगूडला जन्मभर आपल्या एका 'न्हाय'पायी बसणार. मी फार थकले आहे. तू म्हणतोस तसं, आत कसला बंदोबस्त चालला असेल तर असेल.

ताजबी


पुणे,
२ ऑक्टोबर १९८१

ताजआपा,

पत्र फाडलं. आता माझंही ऐक.

मी असिस्टंट नाही. चौदा वर्षं मी प्रयोगशाळेत बाटल्या धुतो. काचेच्या नळ्या, बशा, बाटल्या, धुवायच्या, वाळवायच्या, भट्टीत भाजायच्या. कपाटापलीकडं साहेब लोक बोलतात ते कानावर पडतं, आणि मला ते आवडतं, म्हणून लक्षात राहतं. अब्बा गेल्यानंतर खालाला बरं वाटावं म्हणून असिस्टंट सांगितलं, मग तेच चालू राहिलं. तो छापील कागद मी टेबलावरून उचलला होता. तुझ्या डॉक्टरांनी ज्या विद्वानाचं पत्र फायलीत लावलं तो बाटल्या धुणारा आहे, आणि त्या पत्रानं एक बाई घराबाहेर गेली. आपा, मला हे सहन होत नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी आमच्या कुंटे मॅडमसमोर जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. माझ्या पत्रात काय लिहिलं होतं तेही तोंडपाठ म्हणून दाखवलं. त्या आधी कागदाबद्दल भरपूर बोलल्या. मला मेमो मिळाला आहे. मग त्यांनी मला स्टुलावर बसवलं, आणि चौदा वर्षांत त्यांच्यासमोर मी पहिल्यांदाच बसलो. म्हणाल्या, "गौस, इंटरफेरॉनचं तू बरोबर लिहिलंस. शेवटची ओळ चुकलास. 'पिराजीच्या बाबतीत हेच झालं', हे तुला कुणी सांगितलं? हजार पोरांचं आम्ही सांगू शकतो की जुलाब असताना पाजलं तर इतक्यांना लागू पडत नाही. त्या हजारांतल्या एका पोराचं कुणीही सांगू शकत नाही. मीसुद्धा नाही."

बर्फाचं विचारलं. पाच तास माठात राहून डोस पुरता मरत नाही म्हणाल्या, पण दुबळा होतो, आणि आधी वाटेत किती उन्हात पडला होता तेही कुणाला ठाऊक नाही. म्हणजे तुझा माठही असेल, जुलाबही असतील, न आलेला तिसरा डोसही असेल. तिन्ही असतील. तुझ्या प्रश्नाला उत्तर नाही, आपा. मला वाटलं होतं शास्त्राकडं असतंच.

पण एक गोष्ट नक्की सांगितली, आणि ती सांगताना त्यांचा आवाज चढला. बाकीची एकोणचाळीस पोरं कुठं आहेत? पिराजीचा पाय आता गेला, पण त्या दिवशीच्या डोसावर भरवसा ठेवून जी पोरं हिंडताहेत त्यांना परत पाजलं पाहिजे, लवकर. पोराला जुलाब असले तरी परत पाठवायचं नाही. पाजायचं, पण तो डोस मोजायचा नाही, यादीत लिहून ठेवायचं आणि बरं वाटल्यावर परत बोलवायचं. ती दारं कायमची बंद राहत नाहीत, आजार सरला की उघडतात. आयांना दोष द्यायचा नाही, नुसतं विचारायचं.

मॅडमनी स्वतःच्या सहीनं तुझ्या डॉक्टरांना पत्र लिहिलं आहे, ते सोबत आहे. त्यात जुलाबांचं आहे, आधीच्या पत्राची शेवटची ओळ चूक होती हेही आहे. तुझ्या बर्फाचं नाही. ते तू सांगायचं की नाही हे तूच ठरव असं त्या म्हणाल्या. मी सांग म्हणत नाही. मी चौदा वर्षं सांगितलं नाही.

तुझा भाऊ,
गौस


कुरुंदवाड,
२७ ऑक्टोबर १९८१

प्रिय गौस,

मी आधी केरबाकडं गेले. तो गोठ्यात वैरण टाकत होता. मी उभ्यानंच सांगितलं, बर्फापासून माठापर्यंत. तो वैरण टाकतच राहिला. शेवटी म्हणाला, "म्हंजे म्या मागितला म्हनून." मी म्हटलं, मामा, मी दिला म्हणून. मागणारा काय, मागतो. आणि त्यानंच पाय गेला असंही नाही, पुण्याच्या बाईंनाही ते सांगता येत नाही. तो म्हणाला, "ते मला नगा सांगू." मग हातातली वैरण खाली ठेवून, "गावात न्हाय ना सांगणार, बाई?" मी नाही म्हटलं. डॉक्टरांना लिहून दिलं त्यात बर्फ मी काढला एवढंच लिहिलं. कुणासाठी, ते लिहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, कशाला काढला? मी म्हटलं, उकडत होतं. त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरणार नाही.

माझी एक वेतनवाढ गेली आणि शाहूवाडीकडं डोंगरातल्या एका गावी बदली झाली. नोकरी राहिली, हे मॅडमच्या पत्रामुळं. त्यांना माझा सलाम सांग. अम्मीला तुझ्या बाटल्यांचं सांगितलं. ती म्हणाली, "मग काय झालं? स्वच्छ काम आहे."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.नं केरबा मुरगूडला गेला आणि सुनेला घेऊन आला. तिथं व्याह्यासमोर काय बोलला ते ठाऊक नाही. बनाबाई म्हणते, मामांजी नुसतं "चल" म्हणाले आणि पोराला स्वतः उचलून घेतलं.

काल डोस आले. जीपमधून, पेटीत, बर्फ गच्च भरून. पाजायला शिरोळहून दुसरी नर्सबाई पाठवली होती, मी औषधाला हात लावायचा नाही असा हुकूम. माझ्याकडं नुसती यादी. मी नाव पुकारायचं, ती विचारायची, "पोराला जुलाब हायत काय?" आणि मी लिहायचं.

सदतीस आया आल्या. पहिली म्हणाली, न्हाय. दुसरी, न्हाय. तिसरी, चौथी, दहावी, सगळ्या न्हाय. गौस, मला रांगेत वास येत होता. धोंडुबाईच्या पोराचे डोळे आत गेलेले मला लांबून दिसत होते, तिनंही तोंड फिरवून न्हाय म्हटलं. बनाबाईचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलेलं होतं. आता कुठली आई कशाला खरं सांगेल? मी नुसती रेघ ओढत होते आणि मला कळत होतं की पुन्हा तेच चाललंय, यावेळी बर्फ घालून.

बनाबाई शेवटून चौथी होती. पिराजीचा दुसरा पाय चांगला आहे, त्यालाही पाजायचं होतं. नर्सबाईनं विचारलं. बनाबाई म्हणाली, "हाय. कालपास्नं चार बार झालंय. लिवा." आणि तिथंच रांगेकडं तोंड करून उभी राहिली. या बाईचा चढलेला आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता. "गप का गं सगळ्या? माझ्या पोराचा पाय गेला, मी घराभाईर गेले. ह्येच्या फुडं काय हुणार हाय? सांगा की! ए धोंडे, तुज्या पोराला हाय ते मला दिसतंय न्हवं?"

केरबा दवाखान्याच्या दारात काठी टेकून बसला होता. सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. तो खाली बघत म्हणाला, "सांगा बायांनो. कोण काय बोलत न्हाय." मग धोंडुबाई पुढं आली. मग एकेक जण पाजून झालेलं पोर घेऊन परत माझ्यापाशी यायला लागली. अकरा झाली. मी अकरा रेघा खोडून जुलाब असं लिहिलं.

नर्सबाईनं पिराजीला पाजलं आणि बनाबाईला म्हणाली, हा मोजायचा नाही, परत यावं लागेल, एवढं पोर घेऊन चालत. ती म्हणाली, "यीन की. त्याला काय, आता कडंवरच असतंय ते." मग माझ्याकडं वळून विचारलं, "बाई, कवा येऊ?" मी तारीख सांगितली. तिनं ती दोनदा म्हणून पाठ केली. "तुमच्या हातानंच पाजा मातर त्या टायमाला," म्हणाली, आणि उन्हातून घराकडं निघाली.

माझी गाडी परवा आहे. त्या तारखेला मी इथं नसणार, हे मला तिला सांगता आलं नाही.

ताजआपा